परक्या कंपनीचा पाहुणा

आमचे मॅनेजर जाऊन बरीच वर्षं झाली. तरी नागपुरातल्या जुन्या नाटकवाल्यांत त्यांचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "तोच ना, ज्यानं स्वतःचा हिरो विकून खाल्ला?" मग सगळे हसतात. मीही पुष्कळ वर्षं त्या हसण्यात सामील होतो. आता माझं वय असं झालं आहे की हसलं की खोकला येतो आणि खोकला थांबला की विचार येतात. म्हणून मला ठाऊक आहे ते लिहून ठेवतो. त्यांनी काहीही विकलं नव्हतं.

ते कंपनीचे मालक होते, पण स्वतःला मॅनेजर म्हणवून घेत. मालक कोण, असं विचारलं तर म्हणत, "मालक तुफानराव. आपण त्याईचे मॅनेजर." तुफानराव हे आमच्या कंपनीचं मुख्य पात्र. हिरवा फेटा, छातीवर पितळी चकती, हातात काठी, आणि नाटक कोणतंही असो, तिसऱ्या अंकात मारामारी. त्या काळी आमच्या भागात फिरणाऱ्या प्रत्येक नाटक कंपनीचा असा एक ठरलेला लढवय्या असे. लोक नाटकाचं नाव विसरत, त्याचं नाव विसरत नसत. आमचा तुफानराव अजनीच्या रेल्वे शेडमधला एक फिटर करत असे. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो आणि कचेरी सुटल्यावर नागपूरच्या महाल भागातल्या मॅनेजरांच्या घरी बसून मारामाऱ्या लिहीत असे.

परक्या कंपनीचं पात्र आपल्या नाटकात लढायला आणायचं, ही मॅनेजरांची कल्पना. दोन्हीकडचे प्रेक्षक एका मांडवात येतात, हे तिच्यातलं शहाणपण. वेडेपणा असा, की त्यांच्या हिशेबी हे आलेलं पात्र म्हणजे खरोखरीचा पाहुणा असे. नट नव्हे, पात्र. नटाला ते अरे-तुरे करत, चहा मागच्या दारी देत, "काय बे, उशीर काहून केला?" म्हणून झापत. तोच नट रंग लावून, पोशाख चढवून बाहेर आला की मॅनेजर उठून उभे राहत. "या, बसा. पंखा लावू का?" एका नटाने या वागण्याला कंटाळून आमच्याकडे मुक्काम असेपर्यंत पोशाख उतरवलाच नाही. तलवारीसकट झोपला. मॅनेजरांनी त्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला.

पाहुण्याने गावात पाऊल टाकायचं ते पात्र म्हणूनच, असा त्यांचा आग्रह. अमरावतीच्या एका कंपनीचा कवटीधारी नावाचा खलनायक आम्ही आणला, तेव्हा तो थर्ड क्लासच्या डब्यातून काळा झगा आणि कवटीचा मुखवटा घालून नागपूर स्टेशनावर उतरला. मॅनेजर हार घेऊन उभे, मी त्यांच्या मागे. रेल्वे पोलिसाने त्याला तिथेच धरलं.

"कौन है ये?"

"आमचे पाहुणे आहेत," मॅनेजर म्हणाले.

"नाव?"

"कवटीधारी."

"बापाचं नाव?"

मॅनेजरांनी जरा विचार केला. "ते अजून त्याईच्या कंपनीनं ठरवलं नाही."

आम्ही चौकीत बराच वेळ बसलो. पाहुणा मुखवट्याच्या आतून खोकत होता. मी म्हटलं, "मॅनेजर, त्याला मुखवटा काढून नाव सांगू द्या, सुटू आपण." ते माझ्याकडे असे पाहू लागले, जणू मी चारचौघांत कोणाचं धोतर सोडायला सांगितलं. शेवटी पोलिसच कंटाळला.

घरी मॅनेजरांच्या बायकोने, आम्ही त्यांना वहिनी म्हणत असू, ताट वाढलं. मुखवट्याला तोंडाच्या जागी दात रंगवलेले होते, भोक नव्हतं. पाहुणा ताटासमोर बसून राहिला.

"मुखवटा काढून जेवा म्हणा त्याले," वहिनी म्हणाल्या.

"अवं, पाहुण्याले चेहरा काढून ठेव म्हणतात काय?"

"मग मी भाकर काय डोळ्याच्या भोकातून टाकू?"

त्यावर मॅनेजरांनी तोडगा काढला. आम्हा सगळ्यांना बाहेर घालवून दार लोटून घेतलं आणि स्वतः उंबऱ्याबाहेर पाठमोरे बसले. आत तो नट चार भाकऱ्या खाऊन, वर ताक मागून, पुन्हा कवटी चढवून बाहेर आला. मॅनेजरांनी विचारलं, "पोट भरलं ना आपलं?" त्या नटाने नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमचा माणूस डोक्यानं पुरा आहे ना गा?" मी म्हटलं, "जेवलास ना?" तो म्हणाला, "जेवलो तर खूप."

पाहुणचार इथपर्यंत कोणाचं काही बिघडवत नव्हता. अडचण पुढे येई. लढत म्हटली की कोणीतरी हरायला हवं. पात्र देणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या अटी असत. आमचा माणूस पाठीवर पडणार नाही. त्याचा फेटा सुटणार नाही. शेवटचं वाक्य त्याचं. मॅनेजर सगळं कबूल करत, कारण पाहुण्याला नाही कसं म्हणायचं. आणि तुफानराव तर घरचाच, नागपूरचा, तो हरला तर प्रेक्षक खुर्च्या मोडणार. तेव्हा मला अशा लढती लिहाव्या लागत ज्यांत दोघेही लढतात आणि कोणीच पडत नाही.

मी एकदा वैतागून म्हटलं, "मॅनेजर, पाडण्यासाठीच तर बोलावलं ना आपण त्याला?"

"लेखकराव, घरी आलेल्या माणसाले आपल्याच आंगणात पाडायचं, हे कोणाच्या घरची रीत हाय?"

"मग बोलावता काहून?"

"पाहुणा आला म्हणजे घराले घरपण येते."

मग मी शेवट लिहीत गेलो. ऐन रंगात आकाशवाणी झाली आणि दोघे भाऊ निघाले. दुसऱ्या वेळी राजा वारला आणि दोघांना सुतक लागलं. एका लढतीत दोन्ही बाजूंनी शेवटच्या वाक्याची अट होती. ते दोघे एकमेकांना शेवटचं वाक्य ऐकवत राहिले, तबलजी तबला गुंडाळून निघून गेला, तरी ऐकवत होते. कुहीकडच्या एका गावी आम्ही भूकंप केला. चार माणसं खालून फळ्या हलवत होती. त्यांनी इतक्या मनापासून हलवल्या की पेटीवाला पेटीसकट खाली गेला. तो वर येईपर्यंत लढत संपल्याचं जाहीर झालं होतं.

त्या भूकंपाच्या गावानेच पुढच्या साली पुन्हा बोलावलं. दिवाळीनंतर धानाची कापणी सुरू झाली की त्या बाजूच्या गावांत मंडई भरते. दुपारभर दुकानं, पाळणे, नाटकं. सरपंच स्वतः महालात आले आणि ओसरीवर बसून म्हणाले, "मॅनेजर, यंदा निकाल पाहिजे. मागच्या साली भूकंप दाखवला तुम्ही. लोक मले अजून विचारतात, कोण जिंकलं म्हणून. निकाल नाही तर आमच्याकडचा रस्ता विसरा. आजूबाजूच्या गावांतही सांगून ठेवतो."

मंडईचा हंगाम हीच आमची वर्षाची भाकर. मॅनेजरांनी सरपंचांपुढे पानाचा डबा सरकवला. मग म्हणाले, "देऊ निकाल."

मला आनंद झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला खरा शेवट लिहायला मिळणार होता. मी मन लावून लिहिला. पाहुणा म्हणून भंडाऱ्याकडच्या एका लहान कंपनीचा घणवाला ठरला होता. हा त्यांचा लोहार. भला मोठा लाकडी घण, त्यावर पत्रा ठोकलेला. तो घण खांद्यावरून कधी उतरत नाही, अशी त्याची ख्याती. माझ्या शेवटात तुफानराव तो घण त्याच्या हातातून पाडतो, त्याला चीत करतो, आणि मग हात देऊन उठवतो. पाडणं आणि मान ठेवणं, दोन्ही साधलं होतं. मॅनेजरांनी वाचलं आणि म्हणाले, "बराबर आहे." त्यांचा आवाज बराबर नव्हता, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही.

मंडईच्या दिवशी सकाळी घणवाला एसटीतून उतरला. पोशाखात होता, मॅनेजरांनी हार घातला. जवळून पाहिलं तर पन्नाशी उलटलेला, दमेकरी माणूस. तो त्या कंपनीचा मालकच होता. मारामारी करणारा त्यांचा तरणा नट हंगामाच्या तोंडावर मोठ्या कंपनीत निघून गेला होता. म्हणून यानेच रंग लावला होता.

जेवणं झाल्यावर तो मॅनेजरांना म्हणाला, "एक सांगू का? तुमाले निकाल द्यायचा आहे, मले मालूम आहे. सरपंचानं बोंबलून सांगितलं सगळीकडे. मी पडतो. पण पडलेल्या घणवाल्याले पुढच्या गावात कोण बोलावन? नट गेला, पडदे फाटले. एवढा घण उरला हाय."

मॅनेजर म्हणाले, "भात घ्या अजून."

"पोट भरलं."

"मग ताक घ्या."

एवढंच. मी शेजारी बसलो होतो, म्हणून हे मला ठाऊक आहे. त्यांच्यात याहून एक शब्दही झाला नाही. देणं नाही, घेणं नाही.

दुपारी मांडव खच्चून भरला. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. आमच्या फिटरची बायको पहिल्या रांगेत, शेजारणींना घेऊन. तिला सांगून ठेवलेलं होतं की आज तुझा नवरा जिंकणार. मॅनेजर भोंग्यावर बोलत होते. लढत सुरू झाली आणि फिटर असा लढला की मलाच अभिमान वाटला. घण हातातून उडाला. माझ्या लिखाणाप्रमाणे घणवाला एका गुडघ्यावर आला. त्याचा श्वास लागला होता, तो मात्र माझ्या लिखाणात नव्हता. आता एक ढकल, की चीत. लोक उभे राहिले.

भोंगा गप्प झाला.

मॅनेजर तांब्या आणि पेला घेऊन रंगमंचावर आले. धोतर, बंडी, पायांत चपला. हातात भोंग्याचा माइक तसाच, वायर मागून ओढत आणलेली.

"थांबा," ते म्हणाले. "पाहुणे थकले."

घणवाल्याला त्यांनी पाणी पाजलं. खांद्यावरच्या उपरण्याने त्याचा घाम पुसला. लोकांना वाटलं ही काहीतरी गंमत आहे, हसू लागले. मग मॅनेजर फिटरजवळ गेले आणि हळूच बोलले. माइक हातातच होता, त्यामुळे ते हळूच बोलणं पार पाळण्यांपर्यंत ऐकू गेलं.

"फिटर, पड."

"काय?"

"पड म्हणतो."

"लिहिलं तसं नाही."

"लिहिलेलं राहू दे. पड."

"मी काहून पडू? माझी बायको पाहून राहिली."

"तुझ्या बायकोले मी समजावतो."

बायकांच्या बाजूने स्पष्ट आवाज आला, "काही पडाचं नाही सांगून ठेवते. पडून घरी आले तर सैपाक तुमचा तुम्ही करा."

मांडव हसून हसून लोळायचा बाकी राहिला. सरपंच उठले आणि ओरडले, "मॅनेजर, निकाल पाहिजे म्हटलं होतं." घणवाला बिचारा गुडघ्यावरच होता. उठावं की पडावं, त्याला कळेना. तो स्वतःच आडवा व्हायला लागला. मॅनेजरांनी त्याला दंडाला धरून रोखलं.

मग त्यांनी फिटरच्या डोक्यावरचा हिरवा फेटा दोन्ही हातांनी उचलला आणि आपल्या डोक्यावर ठेवला. माइकमध्ये म्हणाले, "मंडळी, आता तुफानराव मी आहे." चपला काढल्या, नीट जोडून बाजूला ठेवल्या. आणि घणवाल्याच्या पायाशी पाठीवर उताणे पडले, दोन्ही हात पसरून. पोट वर, फेटा कपाळावर. पडल्या पडल्या माइक तोंडाशी नेऊन म्हणाले, "पडलो. घण घ्या आपला."

कोणी हसलं नाही. घणवाला उठला. त्याने घण उचलला, खांद्यावर घेतला. रडत होता का दमला होता, सांगता येत नाही, पण त्याच्या कंपनीची ठरलेली आरोळी त्याने दिली. भंडाऱ्याकडून आलेली दहा-बारा माणसं कोपऱ्यात वेड्यासारखी नाचू लागली. मग बाकीच्या मांडवाने आमच्यावर जे होतं ते फेकलं. मुरमुरे, पेंड्या, एक चप्पल. मॅनेजर फेटा सांभाळत उठले आणि सरपंचांना म्हणाले, "झाला ना निकाल?"

त्या एका दुपारीत आमची कंपनी संपली. हरलेल्या तुफानरावाला कोणी बोलावीना. फिटरने येणं बंद केलं. घणवाल्याच्या कंपनीने मात्र पाट्या रंगवल्या, 'नागपूरच्या तुफानरावाला चीत करणारा', आणि त्यांचा हंगाम भरून वाहिला.

हंगाम संपल्यावर घणवाला महालात आला. या वेळी साध्या कपड्यांत, दोरीला बांधलेली एक बकरी घेऊन. मॅनेजर म्हणाले, "हे नको." तो म्हणाला, "पाहुणा म्हणून आलो होतो, रिकाम्या हातानं गेलो. परत पाठवाल तर माझा मान राहत नाही." मान म्हटल्यावर मॅनेजरांचा इलाज संपला. बकरी अंगणात बांधली गेली. वहिनी म्हणाल्या, "आता इले भाकर तुम्ही वाढा, चेहरा झाकून."

याही वेळी मी तिथे होतो. बकरी कशी आली, कोणी दिली, किती महिन्यांनी दिली, हे नागपुरात माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सीताबर्डीवर चहाच्या टपरीत फिटर आणि आणखी चार नाटकवाले बसले होते. फिटरने विचारलं, "लेखकराव, मॅनेजरच्या आंगणात बकरी काहून बांधली आहे?" मी त्याला खरं सांगू शकलो असतो. पण माझा शेवट त्यांनी फुकट घालवला होता, तो राग होता. आणि चार माणसं माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी म्हटलं, "तुफानराव गेले, बकरी आली. बरोबरीचा सौदा."

इतकं हसले ते, की टपरीवाल्याने बाहेर येऊन काय झालं म्हणून विचारलं. त्यालाही सांगितलं. लिहिलेल्या नाटकांतलं माझं एक वाक्य कधी कोणाच्या लक्षात राहिलं नाही. हे राहिलं. महालात गेलं, इतवारीत गेलं, तिथून एसटीने कुहीला पोचलं. आठवड्याभरात तो विनोद राहिला नव्हता, बातमी झाली होती. मॅनेजरने बकरी घेऊन हिरो पाडला. लोक त्यांच्या फाटकावरून वाकून बकरी पाहून जात. काहींनी तिला तुफानराव अशी हाकही मारली. मॅनेजर ओसरीवर बसलेले असत. एकालाही त्यांनी काही सांगितलं नाही. पाहुण्याने दिलेल्या वस्तूबद्दल खुलासा करणं त्यांच्या रीतीत नव्हतं.

पुढे ते लग्नाकार्यांत भोंगे भाड्याने देऊ लागले. माझं जाणं-येणं कमी झालं, पण तुटलं नाही. ते तसेच होते. तुफानरावाचा फेटा कपाटात होता आणि दसऱ्याला त्याला हार घालत.

काही वर्षांनी घणवाल्याची कंपनी नागपुरातच प्रदर्शनाच्या मांडवात आली. चांगली मोठी झाली होती. नवा तरणा घणवाला, दोन ट्रक सामान. मॅनेजरांनी मला बोलावून घेतलं. तिकिटं त्यांनी रांगेत उभं राहून काढली. मी म्हटलं, "नुसतं नाव सांगितलं असतं तर त्यांनी पुढे खुर्ची टाकली असती." ते म्हणाले, "काहून त्याईच्या जिवाले घोर? आपण आलो मालूम झालं म्हणजे त्याईले चहापाणी करावं लागन, खेळ राहीन बाजूले."

खेळ चांगला झाला. तिसऱ्या अंकात नव्या घणवाल्याने कोणाला तरी चीत केलं आणि मॅनेजरांनी सगळ्यांच्या आधी टाळी दिली. आमच्या मागच्या बाकावर एक गृहस्थ आपल्या सोयऱ्याला माहिती पुरवत होते.

"यानंच नागपूरच्या तुफानरावाले पाडलं होतं ना गा. पण ते काही खरं नाही. त्या कंपनीच्या मालकानं विकला होता त्याले. एका बकरीवर."

"एका बकरीवर?"

"मंग. सगळ्या नागपूरले मालूम आहे."

मॅनेजर मागे वळले नाहीत. ते माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. रंगमंचावर एक नट आपलं बोलून झाल्यावर समोरच्याच्या वाक्यासाठी थांबतो, तसे ते थांबले. तेव्हा मला कळलं, की ते वाक्य कोणाचं होतं हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. मला फक्त मागे वळून एवढंच म्हणायचं होतं, की असं झालं नाही, मी तिथे होतो. मी पडद्याकडे पाहत राहिलो.

मग ते स्वतःच मागे वळले आणि त्या गृहस्थांना अदबीने म्हणाले, "पण दूध चांगलं देत होती."

"तुमाले काय मालूम?"

"मी शेजारी राहतो," मॅनेजर म्हणाले, आणि शेंगदाण्याची पुडी माझ्यापुढे धरली.